ख्रिस्ती खेळाडूचा विश्वास आणि मैदान: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८५२ मध्ये मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले, तेव्हापासून इथे ख्रिस्ती मंडळी आहे. तालमी तर त्याहून जुन्या. त्यामुळे शब्बाथ शाळेत वचन पाठ करणारं पोरगं संध्याकाळी आखाड्यात जोर मारतं किंवा पेठेच्या संघाकडून फुटबॉल खेळतं, यात नवल काही नाही. दोन्हीकडचं एकाच जिवाला सांभाळायचं असतं आणि तिथेच प्रश्न उभे राहतात. खेळाडू, आईवडील आणि पाळक यांच्याकडून वरचेवर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

रोज दोन-तीन तास सराव करणं विश्वासाला धरून आहे का? घरचे म्हणतात, तेवढा वेळ प्रार्थनेला दे.

पौलाने तीमथ्याला लिहिलं की शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडक्यापुरता आहे, सुभक्तीचा मात्र सर्व बाबतींत (१ तीमथ्य ४:८). घरचे हे वचन दाखवतात. पण थोडका उपयोग म्हणजे उपयोगच नाही असं नव्हे. हाच पौल करिंथकरांना शर्यतीत धावणाऱ्याचा आणि हवेत मुष्टी न मारणाऱ्या मुष्टियोद्ध्याचा दाखला देतो (१ करिंथ ९:२४-२७). करिंथजवळ इस्थमिया इथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, त्यामुळे तिथल्या वाचकांना तो लगेच कळला असणार. इफिस ६:१२ मध्ये ‘आपलं झगडणं’ असं जे येतं, तिथे मूळ ग्रीक शब्द ‘पाले’ आहे. त्याचा सरळ अर्थ कुस्ती. कोल्हापूरकराला तो फोड करून सांगावा लागत नाही.

तरीही घरच्यांचं म्हणणं उडवून लावू नका. एक आठवडा वहीत वेळ मांडा: सराव, प्रवास, झोप, अभ्यास किंवा नोकरी, मोबाइल, वचन, मंडळी. बहुतेकांच्या वहीत वचनाची पंधरा मिनिटं सरावाने खाल्लेली नसतात, मोबाइलने खाल्लेली असतात. आणि ती खरोखरच सरावाने खाल्ली असतील, तर घरचे बरोबर आहेत. पहाटे साडेपाचला मैदानावर जायचं असेल तर वचन रात्री जेवणाआधी वाचा. अर्धवट झोपेत पहाटे वाचलेलं टिकत नाही.

सामने आणि धावण्याच्या स्पर्धा रविवारीच असतात. उपासना चुकवायची का?

यावर सगळ्या मंडळ्यांचं एकमत नाही आणि आम्ही ते आहे असं दाखवणार नाही. काही जण रविवार पूर्ण राखतात. काही जण ‘शब्बाथ माणसासाठी झाला’ (मार्क २:२७) हे धरून दुसऱ्या वेळी उपासना करतात. रोमकरांस १४ मध्ये पौल दिवसांबद्दल प्रत्येकाने आपल्या मनात पक्की खात्री करून घ्यावी असं सांगतो. म्हणजे खात्री करून घेणं हे तुमचं काम आहे. संघात नाव लागल्यावर घाईघाईत ठरवायची ही गोष्ट नाही.

धावपटू एरिक लिडेलचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातला कामाचा भाग बहुधा सुटतो. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली. वेळापत्रक त्याला काही महिने आधी कळलं होतं. त्याने तेव्हाच नकार कळवला आणि ४०० मीटरची तयारी केली. रविवारच्या रिले शर्यतीही त्याने सोडल्या. ४०० मीटरमध्ये त्याने ४७.६ सेकंदांत सुवर्ण जिंकलं, २०० मीटरमध्ये कांस्य. आदल्या रात्री नकार दिला असता तर संघाची फसगत झाली असती. उलट बाजूचंही उदाहरण आहे. तिहेरी उडीचा जोनाथन एडवर्ड्स आधी रविवारी खेळत नसे. १९९३ मध्ये त्याने विचार करून मत बदललं आणि १९९५ मध्ये १८.२९ मीटरचा विश्वविक्रम केला. नंतरच्या आयुष्यात त्याचा विश्वास सुटला, हेही सांगायला हवं. पदक हा कोणाच्या निर्णयाच्या बरोबर-चूकचा पुरावा होत नाही.

प्रत्यक्षात असं करा. हंगामाचं वेळापत्रक आलं की रविवारच्या तारखांवर खूण करा आणि त्याच आठवड्यात प्रशिक्षकाला भेटा. ‘रविवारी जमणार नाही’ एवढंच म्हणू नका, नेमकं सांगा: ‘सकाळची उपासना साडेनऊला सुटते, दहानंतर मी मैदानावर हजर.’ दुपारचा सामना असेल तर अडचण उरतच नाही. सकाळी सहाची अर्ध-मॅरेथॉन असेल तर सायंउपासना कुठे आहे ते आधी पाहा. कॅथलिक खेळाडूंना शनिवारच्या संध्याकाळची मिस्सा रविवारच्या बंधनासाठी चालते. बाहेरगावी स्पर्धा असेल तर पाळकसाहेबांना आधी सांगा आणि त्या गावातल्या मंडळीची वेळ विचारून घ्या. सलग तीन रविवार गेले तर चौथ्या रविवारचा सामना सोडायची तयारी ठेवा. मंडळीपासून कोणी एकदम तुटत नाही. ‘या हंगामापुरतं’ म्हणत म्हणत तुटतो.

तालमीत मारुतीची मूर्ती असते, आखाड्याची पूजा होते, मातीला नमस्कार करून उतरतात. ख्रिस्ती मल्लाने काय करावं?

कोल्हापुरात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पौलाने ज्या खेळांचे दाखले दिले ते निधर्मी नव्हते. इस्थमियाचे खेळ पोसायडन देवाच्या आवारात होत. ऑलिम्पियात मल्ल आणि धावपटू झ्यूसच्या मूर्तीपुढे, दहा महिने नियमाने सराव केल्याची शपथ घेत. पौलाला हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? तरी त्याने मैदान, धाव, मुकुट आणि नियम हे शब्द बेधडक उचलले, पूजा मात्र उचलली नाही. खेळ घ्यायचा आणि भक्ती एकट्या प्रभूची ठेवायची, असा हा जुना रस्ता आहे.

आता मातीचं. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवलेल्या लाल मातीला हात लावून कपाळाला नेणं म्हणजे काय? काही ख्रिस्ती मल्लांना तो आदर वाटतो, जसा वस्तादांच्या पायाला हात लावण्यात असतो. काहींना ती पूजा वाटते. तुमचं मन खात असेल तर करू नका, दुसरा करतो म्हणून त्याला दोषही देऊ नका. अनेक जण मधला मार्ग घेतात. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याच्या, कडेला क्षणभर थांबायचं, हाताने माती घ्यायची, अंगाला लावायची आणि ज्याने माणूस मातीपासून घडवला (उत्पत्ती २:७) त्या परमेश्वराचे मनात आभार मानायचे. मातीचा मान राहतो आणि भक्तीचा धागाही तुटत नाही.

नागपंचमीच्या किंवा दसऱ्याच्या आखाडा पूजेच्या वेळी पळ काढू नका. मुलं नेमकं इथे चुकतात. त्या दिवशी दांडी मारतात, मग वस्तादांना वाटतं पोरगं तालमीला आपलं मानत नाही. त्यापेक्षा पहिल्याच महिन्यात वस्तादांना एकांतात गाठा आणि साध्या शब्दांत सांगा: ‘वस्ताद, आमच्यात मूर्तीची पूजा करत नाहीत. पूजेला मी हात जोडणार नाही, पण त्या दिवशी हौदा खणायला, माती चाळायला, पाणी आणायला सगळ्यांच्या आधी येईन.’ आणि खरंच सगळ्यांच्या आधी या. शाहू महाराजांनी खासबागचं कुस्ती मैदान उभारलं आणि सगळ्यांच्या कुस्तीला आश्रय दिला. ज्या गावाला ती परंपरा आहे, तिथे खरं बोलणाऱ्या पोराला वस्ताद बहुधा समजून घेतात. आधी कबूल करून ऐन वेळी नाही म्हणणाऱ्याला समजून घेणं त्यांनाही जड जातं.

प्रसादाबद्दल १ करिंथ ८ आणि १० हे दोन्ही अध्याय पूर्ण वाचा, एखादं वचन सुटं काढू नका. पौलाचा कल असा: बाजारात विकतं ते न विचारता खा, पण ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कोणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. प्रसाद हातावर ठेवला तर झिडकारू नका. ‘नको दादा, आमच्यात चालत नाही’ एवढं हसून म्हटलं की पुरे. थंडाई, बदाम, दूध, तूप हा खुराक आहे, त्याचा आणि प्रसादाचा काही संबंध नाही.

सामन्याआधी नारळ फोडतात, घोषणा देतात, खंडेनवमीला किट पुजतात. तिथे?

तत्त्व तेच. ‘जय शिवाजी’ ही घोषणा राजाच्या सन्मानाची आहे, ती द्यायला हरकत कसली? देवाच्या नावाचा गजर चालू असेल तेव्हा संघाच्या वर्तुळात खांद्यावर हात टाकून उभे राहा, तोंड बंद ठेवा आणि मनात प्रार्थना करा. वर्तुळ सोडून बाजूला जाऊन उभं राहिलात तर सोबत्यांना ते तुटल्यासारखं दिसतं.

गळ्यातला क्रॉस घालून खेळता येतं का?

नाही. फुटबॉलच्या नियम क्र. ४ प्रमाणे साखळी, अंगठी, कडं, कानातलं यांपैकी काहीही अंगावर चालत नाही आणि त्यावर चिकटपट्टी लावणंही चालत नाही. पंच काढायला सांगतो. नकार दिला किंवा पुन्हा घातलं तर पिवळं कार्ड. कुस्तीतही स्वतःला किंवा समोरच्याला इजा करेल अशी कोणतीही वस्तू अंगावर ठेवता येत नाही. साखळी ओढली जाऊन मानेला कापतं, अंगठीत अडकून बोट सोलवटतं. नियम त्यासाठी आहे, विश्वासाला विरोध म्हणून नाही. घरी काढून ठेवा. मैदानावर काढलेली साखळी हमखास हरवते.

आतल्या बनियनवर वचन लिहून गोलनंतर दाखवणंही बंद आहे. राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषवाक्य दाखवलं तर आयोजक कारवाई करू शकतात, आणि जर्सी काढली तर पिवळं कार्ड वेगळंच. ऑलिम्पिक सनदेचा नियम ५० स्पर्धेच्या ठिकाणी धार्मिक प्रचाराला मनाई करतो. गुडघ्यावर बसून क्षणभर आभार मानणं कुठेही गुन्हा नाही. पण आधी ज्याने पास दिला त्याला मिठी मारा.

जिंकावं म्हणून प्रार्थना करावी का? समोरचाही ख्रिस्ती असला तर?

मनात जे आहे ते देवापुढे मांडायला लाजू नका. जिंकायचं असतंच, नाहीतर उतरायचं कशाला? पण मागणं तिथेच थांबवू नका. दोघांनाही इजा होऊ नये, सरावात केलेलं अंगातून निघावं, पंचाचा निर्णय विरुद्ध गेला तर जीभ ताब्यात राहावी, हेही मागा. ही मागणी समोरचाही करू शकतो आणि दोघांचीही पुरी होऊ शकते.

‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो’ (फिलिप्पै ४:१३) हे वचन बुटांवर आणि मनगटावर लिहिलेलं दिसतं. त्याच्या आधीच्या दोन ओव्या वाचा. पौल बंदिवासात आहे आणि म्हणतो, तृप्त असणं आणि भुकेलं असणं, दोन्ही मी शिकलो आहे. हे विजयाच्या हमीचं वचन नाही. निवड यादीत नाव नसतानाही तग धरण्याचं आहे, आणि खेळाडूला त्याचीच गरज जास्त वेळा पडते.

उपवासकाळात सराव कसा करायचा? वजनगटाचा खेळ असेल तर?

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे दिवस ऐन उन्हाळ्यात शिरतात आणि फुटबॉलचा हंगामही तेव्हा रंगात असतो. म्हणून नीट बेत करा.

पाणी कधीही सोडू नका. घामातून शरीराचं वजन २ टक्क्यांहून जास्त घटलं की दम आणि एकाग्रता दोन्ही उतरतात. साठ किलोच्या खेळाडूसाठी ही मर्यादा म्हणजे १.२ किलो. सरावाआधी आणि नंतर कमी कपड्यांत वजन करा. जितके किलो घटले त्याच्या सव्वा ते दीडपट लिटर पाणी पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्या. क्षारयुक्त पावडरचं (ओआरएस) मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात मिसळायचं असतं. अर्ध्या लिटरमध्ये पूर्ण पाकीट टाकलं तर मीठ जास्त होऊन उलटी किंवा जुलाब होतात. ही चूक फार जण करतात.

अन्नाचा उपवास हलक्या सरावाच्या किंवा सुटीच्या दिवशी ठेवा. कठीण सराव आणि सामना या दिवशी नको. एक जेवण सोडणं पुरेसं आहे. संध्याकाळी भाकरी, वरण, भाजी, दही असं साधं जेवून उपवास सोडा, तळकट खाल्लं तर दुसऱ्या दिवशी पोट बिघडतं. वाढत्या वयाची मुलं, मधुमेही, रक्त कमी असलेल्या मुली आणि आधी खाण्याची भीती बसलेले खेळाडू यांनी अन्नाचा उपवास धरूच नये. त्यांनी चहा, मोबाइलवरचे व्हिडिओ किंवा बाहेरचं खाणं सोडावं आणि वाचलेले पैसे मंडळीच्या मदतनिधीत टाकावेत. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) दुपारी १२ ते ३ ची उपासना असेल तर त्या दिवशी सराव ठेवूच नका.

आणि एक गोष्ट ठासून सांगतो: वजन उतरवण्याला उपवास म्हणू नका. ५७ किलोत बसण्यासाठी दोन दिवस उपाशी राहून, प्लास्टिकचा सूट घालून घाम काढायचा आणि घरी ‘उपवास धरलाय’ म्हणायचं, हे देवाच्या नावावर खोटं आहे. शिवाय धोक्याचं आहे. लघवीची गोळी खाऊन वजन उतरवणं तर जिवावरही बेततं आणि डोपिंगमध्येही येतं, कारण फ्युरोसेमाइडसारखी औषधं कायम बंदी असलेल्या यादीत आहेत. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या १ टक्क्यापर्यंत उतरवणं ही सुरक्षित गती. ती जमत नसेल तर वरच्या गटात खेळा.

सगळेच वय कमी लावतात. आमच्या मुलाने प्रामाणिक राहून मागे पडायचं का?

तीमथ्याला दुसऱ्या पत्रात २:५ मध्ये पौल म्हणतो, मल्ल नियमाप्रमाणे लढला नाही तर त्याला मुकुट मिळत नाही. यात वाकवायला जागाच नाही. चौदा वर्षांखालच्या गटात सोळाचा मुलगा उतरवला तर तो डावपेचाने जिंकत नाही, वाढलेल्या अंगाने जिंकतो. त्याला स्वतःचा खेळ सुधारायची गरजच वाटत नाही. खुल्या गटात गेला की अंगाचा फायदा संपतो आणि तिथे तो बसतो. एवढ्या वेळात एका खऱ्या चौदा वर्षांच्या पोराची जागा गेलेली असते. ते पोरगं कदाचित तुमच्याच मंडळीतलं असतं.

पकडलं कसं जातं, तेही माहीत असू द्या. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांच्या वाढीवरून वय काढतात. जन्मानंतर वर्षभराहून उशिरा केलेल्या जन्मनोंदीकडे संघटना संशयाने पाहतात. शाळेचा दाखला, आधार आणि जन्मनोंद जुळत नसेल तर विचारणा होते. कधी कधी पालक पाळकसाहेबांकडे बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली तारीख ‘जरा बदलून’ दाखला मागतात. पाळकांना कळकळीची विनंती आहे, मूळ नोंदीची जशीच्या तशी नक्कल द्या, एक अक्षरही बदलू नका.

चूक आधीच झाली असेल तर? मूळ कागद घेऊन संघटनेला लेखी कळवा आणि पोच घ्या. स्वतःहून सांगणं आणि सापडणं यात मोठा फरक धरला जातो. २०२० मध्ये क्रिकेट मंडळाने आपणहून खरं वय सांगणाऱ्यांना बंदीतून सूट दिली आणि लपवणाऱ्यांना दोन वर्षांची बंदी ठेवली. एखादं वर्ष बुडेल, पण मुलाला आयुष्यभर दोन जन्मतारखा सांभाळाव्या लागणार नाहीत. आणि खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळाल्यावर कागदपत्रांची पडताळणी होते, तेव्हा तिशीत नोकरी जाण्याची धास्तीही राहणार नाही.

साधी सर्दी-खोकल्याची गोळी घेतली तरी डोपिंग होतं म्हणतात. खरं आहे?

होऊ शकतं. नियम कडक आहे: लघवीत सापडलं ते तुमचं, कोणी दिलं हा मुद्दा नंतरचा. आपल्याकडच्या अनेक खोकल्याच्या औषधांत टर्ब्युटालिन असतं, त्यावर कायम बंदी आहे. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक प्रमाणाच्या वर चालत नाही. तोंडाने घ्यायचं प्रेडनिसोलोन स्पर्धेच्या काळात बंद. दम्याचा सालब्युटामॉल पंप चालतो, पण चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि आठ तासांत ६०० पर्यंतच.

डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य हेच: ‘मी स्पर्धेत खेळतो, बंदी नसलेलं औषध द्या.’ नाव ब्रँडचं पाहू नका, आतला घटक पाहा. नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर तो तपासा. बंदी असलेलं औषध खरोखर लागणारच असेल तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज स्पर्धेआधी भरतात. यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते. व्यायामशाळेत सुट्या डब्यातून मिळणारी पावडर आणि ‘ताकदीची’ पुडी घेऊ नका. आयुर्वेदिक लेबल म्हणजे सुरक्षित असं नाही. भेसळ कशाचीही असू शकते.

जाणूनबुजून घेणाऱ्यांबद्दल काय बोलायचं? चार वर्षांची बंदी एका बाजूला. आपलं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे (१ करिंथ ६:१९) असं दर रविवारी म्हणायचं आणि सोमवारी त्यात सुई टोचायची, ही दुसरी बाजू.

प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाने चाचणीत अडचण येते का?

नाही. आपल्याकडच्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बिनमद्याचाच रस असतो. मद्यावरची बंदी काही मोजक्या खेळांतच होती आणि २०१८ पासून ती जागतिक यादीतून निघाली.

दुखापत झाली तर प्रार्थनेने बरं होण्याची वाट पाहावी की डॉक्टरकडे जावं?

दोन्ही, एकाच दिवशी. याकोब ५:१४ प्रमाणे मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, प्रार्थना करून घ्या आणि अस्थिरोगतज्ज्ञाची वेळही घ्या. आपल्या भागातल्या मंडळीने प्रार्थना आणि औषध यांना कधी भांडायला लावलं नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभारलेलं मिशन हॉस्पिटल त्याची साक्ष आहे.

गुडघ्यातून ‘टक्’ असा आवाज आला, दोनेक तासांत टम्म सुजला आणि पाय टाकताना निसटल्यासारखा वाटला, तर आतला अस्थिबंध तुटला असण्याची शक्यता मोठी. पहिले ४८ ते ७२ तास चोळू नका, शेकू नका. लगेच हाडवैद्याकडे जाऊन ओढून घेणं हा सगळ्यात महाग पडणारा उपाय. ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. पट्टी बांधा, पाय छातीच्या वर उचलून ठेवा. शस्त्रक्रिया झाली तर खेळात परतायला किमान ९ महिने आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला येणं, दोन्ही लागतं. ‘विश्वासाने’ सहाव्या महिन्यात उतरणं हा विश्वास नाही, उतावीळपणा आहे. पुन्हा तुटण्याचा धोका त्यात फार वाढतो.

लांबच्या विश्रांतीत उत्पत्ती ३२ वाचा. याकोब रात्रभर झोंबी घेतो, मांडीचा सांधा निखळतो, आशीर्वाद मिळतो आणि तरी तो लंगडतच पुढे जातो. मल्लाला हा अध्याय वेगळाच भिडतो.

मैदानात तोंडातून शिव्या जातात. काय करावं?

पेठापेठांतली ईर्षा कोल्हापूरच्या फुटबॉलचा जीव आहे, पण शिवी ही सवय आहे आणि सवय नुसती दाबून जात नाही. तिच्या जागी दुसरा शब्द बसवावा लागतो. सरावातच ठरवा: चेंडू गेला की ‘मागं!’, चूक झाली की ‘पुढचा!’. सोबत्याला सांगून ठेवा की शिवी ऐकली की माझा खांदा दाब. दोन-तीन आठवडे चुकाल, मग कमी होईल. आणि तोंडातून गेलीच, तर सामना संपल्यावर ज्याला दिली त्याच्याकडे जाऊन माफी मागा. पंचालासुद्धा.

मुलगी खेळते. मंडळीतले काही जण शॉर्ट्‌सवर बोलतात.

पोहण्याचा, धावण्याचा आणि कुस्तीचा पोशाख कामाचा पोशाख आहे. जलतरणपटू वीरधवल खाडे किंवा नेमबाज तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्या जिल्ह्यात मुलीच्या खेळावर अजून ही चर्चा व्हावी याचं वाईट वाटतं. उपासनेला येताना साधे कपडे, मैदानावर मैदानाचे. यापलीकडे बोलणाऱ्यांना आईवडिलांनीच उत्तर द्यावं, मुलीवर सोडू नये.

बोलायचंच असेल तर सुरक्षिततेवर बोला. प्रशिक्षकासोबत बंद खोलीत एकटं थांबणं नाही, बाहेरगावच्या स्पर्धेला एक महिला सोबत, मसाज किंवा मोजमाप पालकांच्या किंवा महिला कर्मचाऱ्याच्या समोर, रात्रीचे खासगी मेसेज नाहीत. मुलीने काही सांगितलं तर आधी तिच्यावर विश्वास ठेवा. अल्पवयीन असेल तर पोक्सो कायदा लागतो, १०९८ या बाल हेल्पलाइनवर फोन करता येतो. ‘मंडळीचं नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण मिटवणं हे पाप आहे. आरोपी मंडळीतला असला तर जास्तच.

इनामाचे पैसे आणि ठरवून केलेली कुस्ती?

जत्रेच्या फडात इनाम घेणं हा मल्लाचा हक्काचा पैसा. दशांश काढा, खुराक आणि वस्तादांचा मान काढा, उरलेलं बँकेत. पण आधी ठरवून बरोबरीत सोडवलेली कुस्ती म्हणजे तिकीट काढून, उन्हात बसून बघणाऱ्याची चोरी. कोणी तसं सुचवलं तर त्या फडाला जाऊच नका.

संघातल्या सोबत्यांना विश्वासाबद्दल सांगावं का?

विचारलं तर जरूर सांगा, सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३:१५). मात्र प्रशिक्षक असाल तर हाताखालच्या मुलांवर, विशेषतः अल्पवयीनांवर, पदाचा दाब येईल असं काहीही करू नका. बूट, फी, जेवण अशी मदत करताना तिला चर्चची अट चिकटवू नका. मदत ती मदत. सोबती मुस्लिम असेल तर रोज्यात त्याच्या पाण्याच्या वेळा लक्षात ठेवा, हिंदू असेल तर त्याच्या घरच्या गणपतीला भेट द्या. साक्ष बहुतेक वेळा सोमवारच्या सरावात दिली जाते: जाळी गुंडाळायला कोण थांबतो, नवख्याला बूट कोण देतो, हरल्यावर गोलकीपरशेजारी कोण बसतो.

आमच्या मंडळीत खेळाडूंचा छोटा गट सुरू करायचा आहे. कसा?

चार ते सहा जण पुरे. खेळ वेगवेगळे असले तर उत्तम. वार असा निवडा की कोणाचाच कठीण सराव नसेल, बहुधा सोमवार किंवा मंगळवारची संध्याकाळ. वेळ पंचेचाळीस मिनिटं, त्यापुढे नाही. लांबलं की दुसऱ्या महिन्यात माणसं गळतात. पहिली दहा मिनिटं आठवड्याचं खरं सांगणं: जिंकलो, हरलो, चिडलो, कुठे खोटं बोललो. मग एक छोटा उतारा. सुरुवातीला १ करिंथ ९, इब्री १२, उत्पत्ती ३२, फिलिप्पै ४ आणि १ राजे १९ घ्या. त्या शेवटच्यात थकलेल्या एलीयाला देव आधी झोप, भाकर आणि पाणी देतो, मगच बोलतो. शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना, नावं आणि तारखा घेऊन: कोणाची निवड चाचणी कधी, कोणाचा एक्स-रे कधी.

गटात एक तरी जण असा घ्या ज्याचा खेळ सुटला आहे, वयामुळे किंवा दुखापतीने. पंचविशीत ‘आता मी कोण?’ हा प्रश्न ज्याने झेलला आहे, त्याच्या शेजारी बसलेल्या अठरा वर्षांच्या पोराला पुढचं थोडं आधी दिसतं. मुलामुलींचा एकत्र गट असेल तर दोन मोठी माणसं, त्यात एक बाई, आणि दार उघडं. पाळकसाहेबांना महिन्यातून एकदा बोलवा, दर वेळी नको. हंगाम सुरू झाला की गट बंद करू नका, पंचेचाळीसची वीस मिनिटं करा आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर भेटा.